रवीची दोरी आणि दंडाची बेटकुळी

आजीच्या घरी, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात, रोज सकाळी ताक व्हायचं. घुसळखांबाला अडकवलेली रवी, खाली डेरा आणि रवीला दोन-तीन वेढे दिलेली सुताची दोरी. दोरीचं एक टोक आजीच्या उजव्या हातात, दुसरं डाव्या हातात. उजवा हात मागे आला की डावा पुढे जायचा, डावा मागे आला की उजवा पुढे. रवी गरगर फिरायची, थांबायची, उलटी फिरायची. मी सात-आठ वर्षांची असेन. एकदा हट्टानं दोरी हातात घेतली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून दोन्ही टोकं एकदमच ओढली. दोरी करकरली, रवी जागच्या जागी थिजली. आजी म्हणाली, "अगं, एक हात सोड. दोन्ही ओढलेस तर ती फिरेल कशी?" मग मी एक हात पार सोडून दिला. वेढे सुटले आणि दोरीचं टोक ताकात पडलं. "सोड म्हणजे टाकून देऊ नकोस," ती म्हणाली, "दोरीबरोबर हात जाऊ दे पुढे."

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले. गेली कितीतरी वर्षं लोकांचे हात-पाय-माना हलवते आहे, आणि शरीर हलतं कसं असं कुणी विचारलं की अजूनही त्या रवीपासूनच सुरुवात करते. कारण आपल्या स्नायूंची मूळ अडचण दोरीचीच आहे. दोरीनं ओढता येतं, ढकलता येत नाही. स्नायूचंही तसंच. तो आखडतो, म्हणजे आपली दोन टोकं एकमेकांजवळ आणतो, किंवा सैल पडतो. स्वतःहून लांब होऊन समोरच्या हाडाला ढकलणं त्याच्या स्वभावातच नाही. आपल्या अंगात सहाशेच्या वर स्नायू आहेत, त्यातल्या एकालाही ते जमत नाही.

मग आपण दार ढकलतो ते कसं?

वाचता वाचता हे करून बघा. उजवा तळहात टेबलाखाली लावा आणि टेबल वर उचलायला गेल्यासारखा जोर द्या. डाव्या हातानं उजवा दंड चाचपा. पुढच्या बाजूची बेटकुळी, म्हणजे बायसेप्स, दगडासारखी लागेल आणि दंडाची मागची बाजू मऊ. आता तोच हात टेबलावर ठेवून खाली दाबा. लगेच उलटं होईल. पुढची बेटकुळी लोण्यासारखी आणि मागचा ट्रायसेप्स टणक. हा ट्रायसेप्स कोपराच्या मागच्या टोकदार हाडाला येऊन चिकटलेला असतो, तेच हाड जे टेबलाच्या कडेला आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. ट्रायसेप्स ते टोक मागून वर ओढतो, आणि कोपर हा मधला टेकू असल्यामुळे हाताचं दुसरं टोक, म्हणजे पंजा, पुढे जातो. दार ढकललं जातं, पण दंडात जे घडलं ते ओढणंच होतं. दंड पिळदार करायला निघालेली मुलं आरशात दिसते म्हणून पुढच्या बेटकुळीच्या मागे लागतात. दंडाचा मोठा हिस्सा खरं तर मागच्या ट्रायसेप्सचा असतो.

तेव्हा जिथे सांधा दोन्ही दिशांना हलवायचा, तिथे दोन बाजूंना दोन दोऱ्या हव्यात. मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, मागचे हॅमस्ट्रिंग तो वाकवतात. पोटरी पाऊल खाली दाबते, नडगीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू ते वर उचलतो. डोळ्याच्या खोबणीत तर प्रत्येक बुबुळामागे सहा-सहा स्नायू आहेत आणि हे वाक्य वाचताना ते क्षणाक्षणाला ओढ आणि सूट वाटून घेत आहेत. पाठ्यपुस्तकं या जोडीदारांना 'विरोधी स्नायू' म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. रवी ओढताना आजीचे दोन हात एकमेकांचे विरोधी होते असं कोण म्हणेल?

जिथे जोडीदार नाही तिथे निसर्गाला दुसरी सोय करावी लागते. घराच्या कोपऱ्यात मेलेला कोळी पाहिला असेल, आठही पाय पोटाशी दुमडलेले. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांमध्ये पाय दुमडणारे स्नायू असतात, पण उलगडणारे नसतात. तो अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय पसरतो, साधारण पाण्याचा पाइप दाबानं ताठ व्हावा तसा. मेल्यावर दाब गेला की दुमडणारा स्नायूच उरतो. आपल्या हृदयालाही जोडीदार स्नायू नाही. ते आकुंचन पावतं आणि मग स्वतःचा लवचिकपणा आणि आत येणारं रक्त त्याला पुन्हा फुलवतं.

थोडा हिशेब मांडू. खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन निघालात, पिशवी पाच किलोची आणि हात कोपरात काटकोनात वाकवून ती धरली आहे. पिशवी कोपरापासून साधारण ३२ सेंटिमीटरवर. बायसेप्स मात्र हाडाला चिकटतो कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर. म्हणजे आठपट जवळ. तरफेच्या साध्या नियमानं पाच किलो धरायला बायसेप्सला आणि त्याच्याखाली दडलेल्या ब्रेकियालिसला मिळून सुमारे चाळीस किलो वजन उचलण्याइतकं ओढावं लागतं, आणि यात हाताचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. व्यवहार घाट्याचा वाटतो खरा. पण दुसरी बाजू बघा. स्नायू एक सेंटिमीटर आखडला की पंजा आठ सेंटिमीटर सरकतो. आपलं शरीर जोर खर्च करून वेग आणि पल्ला विकत घेतं. चेंडू फेकणारा हात, तबल्यावर पडणारं बोट, गरब्यात गिरकी घेणारा पाय, सगळे याच सौद्यावर चालतात.

आता स्नायूच्या आत डोकावू, कारण सैल सोडण्याची गंमत तिथेच सुरू होते.

स्नायूच्या प्रत्येक धाग्यात मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाएवढ्या खणांची लांब रांग असते. प्रत्येक खणात दोन प्रकारच्या काड्या, जाड मायोसिनच्या आणि बारीक ॲक्टिनच्या, एकमेकींत गुंफलेल्या. मायोसिनला छोटे छोटे आकडे असतात. मज्जातंतूतून हुकूम आला की आत कॅल्शियम सुटतं आणि हे आकडे ॲक्टिनला पकडतात, वाकतात, सोडतात, पुढे जाऊन पुन्हा पकडतात. विहिरीतून पोहरा वर घेताना आपण दोरावर हातापुढे हात टाकतो ना, तसं. काड्या स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकींवरून सरकतात आणि खण लहान होतो. ही सरकण्याची गोष्ट १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडली. योगायोग असा की दोन्हीकडे एकेक हक्सली होते, अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली, आणि त्यांचं आपसांत काही नातं नव्हतं.

यात मला सगळ्यात नवलाची वाटते ती एक गोष्ट. आकड्यानं पकड सोडायची तर एटीपी लागतं. एटीपी म्हणजे पेशीतलं इंधन. पकडलेला आकडा ॲक्टिनपासून सुटतो तो एटीपीचा नवा कण येऊन त्याला चिकटला तरच. शिवाय सुटलेलं कॅल्शियम पुन्हा गोळा करून कोठारात भरायलाही इंधन खर्ची पडतं. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठरतो तो यामुळेच. इंधन तयार होणं थांबतं, आकडे जिथे पकडून बसले तिथेच अडकतात. आपण समजतो की आखडणं म्हणजे कष्ट आणि सैल होणं म्हणजे विश्रांती. शरीराच्या खतावणीत दोन्ही खर्चाच्याच बाजूला आहेत.

पण सैल कधी पडायचं हे स्नायूला कोण सांगतं?

इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी या प्रश्नाचा पिच्छा १८९०च्या दशकापासून पुरवला. १९३२ साली एडगर एड्रियन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. त्यांना दिसलं ते असं. एका स्नायूला 'आखड' असा हुकूम जातो त्याच घडीला त्याच्या जोडीदाराला 'सोड' असा निरोप जातो. दोन्ही निरोप एकाच जागेहून निघतात, आणि ती जागा म्हणजे पाठीचा कणा, म्हणजे त्यातला मज्जारज्जू. मेंदूला दर वेळी त्यात लक्ष घालावं लागत नाही.

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. १८७५ साली दोन जर्मन डॉक्टरांनी, एर्ब आणि वेस्टफाल यांनी, ते स्वतंत्रपणे नोंदवलं. तिथे काय होतं ते नीट पाहू. हातोडी पडते ती मांडीच्या पुढच्या स्नायूच्या दोरावर. दोर किंचित दबतो, स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या पोटात ताण ओळखणारे बारीक चात्यांसारखे अवयव असतात, ते कण्याकडे बातमी पाठवतात. बातमी आणणाऱ्या तंतूला कण्यात फाटे फुटतात. एक फाटा थेट त्याच स्नायूच्या चेतापेशीला जाऊन सांगतो, "तू ताणला गेलास, आखड." दुसरा फाटा मधल्या एका छोट्या चेतापेशीला उठवतो, आणि तिचं काम एकच, हॅमस्ट्रिंगला गप्प करणं. ती ग्लायसिन नावाचं रसायन सोडते आणि हॅमस्ट्रिंगची चेतापेशी शांत होते. पुढचा स्नायू ओढतो, मागचा सोडतो, पाय उडतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतं.

त्या मधल्या छोट्या पेशीचं महत्त्व कळायचं असेल तर ती बंद पडल्यावर काय होतं ते पाहावं. आपल्या भाषेत त्याला फार नेमकं नाव आहे. धनुर्वात.

मातीत, शेणाच्या खतात एका जंतूचे बीजाणू असतात. खोल, घाणेरड्या जखमेत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. ते विष मज्जातंतूंच्या आतून प्रवास करत कण्यापर्यंत जातं आणि गप्प करणाऱ्या पेशींनाच मुकं करतं. ग्लायसिन सुटणंच थांबतं. आता 'आखड' म्हणणारे सगळे जागेवर आहेत आणि 'सोड' म्हणणारं कुणी नाही. रोग्याच्या अंगातले दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम ओढू लागतात, मी लहानपणी रवी ओढली तसे. पण दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी दांडगे, म्हणून आधी दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा जोरकस, म्हणून देह मागे वाकतो, डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या, मधलं शरीर धनुष्यासारखं कमानदार. ज्यानं कुणी पहिल्यांदा त्याला धनुर्वात म्हटलं त्याच्या डोळ्यांपुढे हे दृश्य असणार. साधा आवाज, दिव्याचा झोत, अंगाला लागलेला हात, कशानंही नवा झटका येतो, म्हणून या रोग्याला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवतात. आणि हे सगळं होत असताना तो पूर्ण शुद्धीवर असतो.

काजऱ्याच्या म्हणजे कुचल्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन हे विषही त्याच कडीवर घाव घालतं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. ग्लायसिन सुटतं, पण पुढच्या पेशीवर त्याची जागा स्ट्रिक्निननं अडवलेली असते. शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या दोन्ही विषांवर प्रयोग केले होते. ज्या इशाऱ्यानं एरवी स्नायू सैल पडायचा, त्याच इशाऱ्यानं तो आखडू लागला, असं त्यांना दिसलं.

इथे जरा आडवाटेला जाऊन एक सांगते, कारण क्लिनिकमध्ये रोज ऐकते. गंजलेला खिळा लागला तरच इंजेक्शन घ्यायचं असा समज अजून घट्ट आहे. गंजाचा यात काही दोष नाही. बागेत काटा रुतला, कुदळ लागली, रस्त्यावर पडून गुडघा खरचटला आणि माती आत गेली, तरी धोका तोच. हा रोग एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो, त्यातून अंगात पुरेसं संरक्षण तयार होत नाही. ते लसीतूनच मिळतं. शेवटचा डोस कधी घेतला हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

पुन्हा आजीकडे येते. तिचं दुसरं वाक्य, "सोड म्हणजे टाकून देऊ नकोस." एका हातानं ओढताना दुसरा हात दोरी पार ढिली सोडत नव्हता, तो तिला मापात पुढे जाऊ देत होता. बडोद्यात वाढलेल्या माणसाला हे उत्तरायणातही कळतं. पतंगाला ढील द्यायची म्हणजे मांजा हातातून निसटू द्यायचा असं नाही. बोटांतून तो सरकतो, पण बोटांना त्याची ओढ सतत जाणवत असते, आणि वेळ आली की त्याच बोटांनी खेच मारता येते.

स्नायूंची ढील तशीच असते. ताण सांभाळत लांब होत जाणं, म्हणजे ब्रेक लावणं. पाण्यानं भरलेली कळशी ओट्यावरून हळूच जमिनीवर ठेवता तेव्हा कोपर सरळ होत असतं, पण काम करतो बायसेप्स. तो लांब होत होत वजनाला सावकाश उतरवतो. तो एकदम सुटला तर कळशी आदळेल. पावागडावर देवीच्या दर्शनाला पायऱ्या चढून गेलात तर चढताना धाप लागते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्या उतरण्यामुळे. उतरताना प्रत्येक पायरीवर मांडीचा पुढचा स्नायू अख्ख्या देहाचं वजन पेलत लांब होत असतो. असं ताणाखाली लांब होताना स्नायू आखडताना पेलेल त्याहून जास्त भार पेलू शकतो आणि इंधनही कमी जाळतो, पण त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते. सवय नसेल तर एक ते तीन दिवस दुखतं, मग बरं होतं, आणि पुढच्या खेपेला तितकं दुखत नाही. याला लोक लॅक्टिक ॲसिड साठल्याचं नाव देतात. ते तर तास-दोन तासांत निघूनही गेलेलं असतं.

प्रा. माणिकरावांचा आखाडा म्हणून बडोद्यात ज्याची ओळख आहे त्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव इथल्या मराठी घरांत आदरानं घेतलं जातं. आखाड्यातली जोडी, म्हणजे दोन हातांत धरायचे लाकडी मुद्गल, फिरवताना कुणाला पाहिलं असेल तर ब्रेक म्हणजे काय ते समजावून सांगायला लागणार नाही. जड लाकडी जोडी खांद्यामागे सोडायला फारसा जोर लागत नाही, ती आपल्या वजनानं जाते. तिला पाठीवर आदळू न देता वळणावर अडवून पुन्हा पुढे आणायची, यात कस लागतो. वेगवान गोलंदाजाच्या खांद्यामागचे छोटे स्नायू चेंडू सुटल्यानंतर हेच करतात. हात गोफणीसारखा पुढे चाललेला असतो, त्याला थांबवायचं ओझं त्यांच्यावर. पळणाऱ्याचं हॅमस्ट्रिंग तुटतं तेही बहुतेकदा पाय पुढे फेकला गेल्यावर, जमिनीला टेकायच्या जरा आधी, जेव्हा ते पुढे निघालेल्या पायाला आवरत असतं. मैदानावर मांडीची मागची बाजू धरून बसलेला मुलगा सांगतो, "जोर लावला आणि कट् झालं." जोर पुढच्या स्नायूनं लावलेला असतो, भोगावं लागतं मागच्याला. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंना मी मांडीच्या पुढच्या बाजूइतकाच वेळ मागच्या बाजूला द्यायला लावते, आणि तोही लांब होत भार पेलायच्या व्यायामाला.

मापात दोन्ही दोऱ्या एकदम ओढणंही शरीर वापरतं बरं का. काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन चालताना मनगटाचे दोन्ही बाजूंचे स्नायू थोडे थोडे आखडलेले असतात, सांधा घट्ट होतो, धक्का लागला तरी कप हलत नाही. पाय घसरेल अशी फरशी दिसली की आपण घोटे, गुडघे असेच आवळून घेतो. नवं काही शिकताना तर हे हमखास होतं. चालायला शिकणारं मूल, पहिल्यांदा स्कूटर हातात घेतलेली मुलगी, तबल्यावर 'ना' काढायला बसलेला विद्यार्थी, सगळ्यांचे स्नायू जोडीनं आखडलेले असतात. काय होईल याचा अंदाज नसला की शरीर सगळे दरवाजे लावून घेतं. गुरुजी सांगत राहतात, "मनगट सैल सोड." विद्यार्थ्याला वाटतं, सैल सोडलं तर बोल निघेल कसा? बोल दबतो तो जोडीदार स्नायूच हाताला अडवून धरतो म्हणून. महिने जातात, हात बसतो, आणि मोजून पाहिलं तर नको तिथला जोर कमी झालेला दिसतो. नवरात्रात पहिल्या रात्री तास-दीड तासात दमणारी मुलगी नवव्या रात्री उशिरापर्यंत न थकता फिरते, त्यात दमसास आहेच, पण स्वतःच्याच अंगाशी चाललेली झटापट थांबलेली असते हाही भाग मोठा.

रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा काय करायचं हेही याच जोडीतून सुचतं. पोटरी चोळत बसण्यापेक्षा गुडघा सरळ ठेवून पावलाचा चवडा नेटानं आपल्याकडे ओढा, हातानं नव्हे, पायाच्याच जोरानं. नडगीजवळचा स्नायू आखडला की कण्यातली ती छोटी पेशी पोटरीला गप्प करायला लागते. शिवाय पोटरी ताणलीही जाते. जमलं नाही तर मग हातानं किंवा पंच्यानं चवडा ओढून धरा.

आणखी एक प्रयोग करा, पुढे लागणार आहे. मनगट जितकं खाली मोडता येईल तितकं मोडा, हाताचा पंजा जमिनीकडे. आता घट्ट मूठ वळा. वळत नाही ना? बोटं अर्धवट येऊन थांबतात. मूठ वळणारे स्नायू कोपरापासून खाली हाताच्या आतल्या बाजूला आहेत, त्यांचे दोर मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगट खाली मोडलं की ते दोर ढिले पडतात आणि वरच्या बाजूचे, बोटं उघडणारे दोर ताणले जातात. म्हणून मूठ वळताना आपण नकळत मनगट मागे उचलतो. म्हणजे पकडण्याच्या कामात हाताच्या मागचे, उघडणारे स्नायूही पहिल्यापासून राबत असतात. धुणं पिळून पिळून ज्या बायकांचं कोपर दुखतं, त्यांचं दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला असतं, जिथे हे मनगट उचलणारे स्नायू उगम पावतात. पिळणारा हात एक आणि दुखणारी बाजू दुसरी, याचं कोडं त्यांना पडतं.

माझ्याकडे एक काका येत असत. पक्षाघातानंतर उजवी बाजू गेलेली, बऱ्याच प्रमाणात परत आलेली. चालायला लागले होते. हात मात्र कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली. मेंदूकडून कण्याकडे येणारा एरवीचा धाक कमी झाला की खालच्या साखळ्या मोकाट सुटतात. वाकवणारे स्नायू जरा ताणले की चवताळून आखडतात आणि जोडीदाराला गप्प करणारा निरोप नीट पोचत नाही. काकांना वाटी उचलता यायची. ठेवता यायची नाही. काकू सांगायच्या, "अहो, जेवण झालं की मला त्यांच्या हातातून वाटी ओढून घ्यावी लागते. सोडत नाहीत ते." काका मान खाली घालून बसायचे. कुणीतरी त्यांना दाबायला रबरी चेंडू आणून दिला होता आणि ते दिवसभर तो दाबत बसायचे. अशा हाताला मी सहसा चेंडू देत नाही. दाबायला तो हात आधीच तयार असतो.

आधी काकूंना शिकवलं की बोटं झटक्यानं उघडायची नाहीत. ताणाचा वेग जितका जास्त तितका स्नायू जास्त चवताळतो. सावकाश जायचं. आणि मनगट हलकेच खाली मोडायचं, म्हणजे वरचे दोर ताणले जाऊन बोटं आपण होऊन थोडी उघडतात. मग त्या उघड्या बोटांनी वाटी धरायची नाही, टेबलावर हात टेकवून फक्त बोटं उचलायचा प्रयत्न करायचा. पहिले कित्येक दिवस काही हललं नाही. नंतर एकदा हाताच्या मागच्या बाजूला, कातडीखाली, माझ्या बोटांना एक बारीक थरथर लागली. काकांना ती दिसत नव्हती. मी त्यांचाच डावा हात घेऊन तिथे ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थरथर.

पावसाळा संपता संपता एका सकाळी त्यांनी स्टीलची रिकामी वाटी उचलली आणि टेबलावर टेकवली. मनगट हळू खाली आलं. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारची, मग उरलेली दोन्ही. अंगठा काठाला चिकटून राहिला होता. काकू पुढे झाल्या, मी त्यांना हातानं थांबवलं. बराच वेळ गेला. अंगठा सुटला आणि वाटी टेबलावर किंचित डुगडुगून स्थिर झाली. काकांनी ती पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग पुन्हा. दारात पुढचे पेशंट येऊन उभे होते, त्यांना मी बसायला सांगितलं.